भिंत पाडून घरात घेतलेला पियानो

फौजेत मी बंदूक चालवायला शिकलो, पण नोकरी सगळी केली ती क्लॅरिनेट वाजवत. पलटणीच्या बँडमध्ये होतो. गावाकडे हे सांगायची मोठी पंचाईत व्हायची. आमचं गाव उंब्रजपासून हाकेच्या अंतरावर, घरटी एक माणूस लष्करात. सुट्टीवर आलेली माणसं संध्याकाळी पारावर जमली की कुणी बर्फातल्या चौकीचं सांगायचा, कुणी वाळवंटातल्या सरावाचं. माझी पाळी आली की हमखास कुणीतरी विचारायचं, "आन् तू काय वाजवलंस रं गड्या?" आणि सगळे हसायचे. बँड म्हटलं की लोकांना वरात आठवायची, घोड्यावरचा नवरदेव आठवायचा. लढाईच्या वेळी बँडवाले वाद्यं खाली ठेवून स्ट्रेचर उचलतात, जखमींना मागे आणतात, हे मी दोन-चारदा सांगून बघितलं. पुढं सांगायचं सोडून दिलं.

पियानोशी गाठ पडली ती ऑफिसर मेसमध्ये. तिथल्या हॉलच्या कोपऱ्यात एक जुना पियानो होता. पार्टीच्या आधी आम्ही वाद्यं लावून बसलो होतो, तेव्हा मी सहज त्याच्या दोन पट्ट्या दाबल्या. आमच्या बँडमास्तरांनी बघितलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. ते म्हणाले, "हात चांगला आहे. उद्यापासून सकाळी परेडच्या आधी इथं ये." त्यांनी मला बोट धरून शिकवलं. पुढे जिथं जिथं बदली झाली, तिथं मेसमध्ये पियानो असेल तर तो माझ्या वाट्याला यायचा. साहेब लोक जेवायचे, गप्पा मारायचे, आणि मी भिंतीकडे तोंड करून वाजवायचो. ऐकत कुणी नसायचं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाजवायला मिळतंय, एवढं पुरेसं होतं.

निवृत्त झालो तसं क्लॅरिनेट स्टोअरमध्ये जमा केलं आणि घरी आलो. ऊस होता, दोन म्हशी होत्या, कामाला तोटा नव्हता. पण बोटं स्वस्थ बसेनात. जेवायच्या टेबलावर, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, जिथं टेकायला मिळेल तिथं चालायची. एकदा सकाळी बायको भाकरी वाढता वाढता थांबली.

"आवं, हे काय रोज टकटक लावलंय? ताटं नाचाय लागली की."

मी मनात महिनोन् महिने घोळवलेलं वाक्य बोलून टाकलं. "मला पियानो घ्यायचाय."

"केवढा असतोय?"

"कपाटाएवढा."

"आन् ठिवणार कुठं?"

"सोफा हाय तिथं."

ती उठून चुलीकडं गेली. तिचं ते उठून जाणं मला कळत होतं. हे घर तिनं बांधलं होतं. मी ईशान्येला असताना जुनं मातीचं घर उतरवून तिनं नवं उभं केलं. मिस्त्रीच्या मागं उभी राहून एकेक थर रचून घेतला, सकाळ-संध्याकाळ बांधकामावर पाणी मारलं. मी सुट्टीवर आलो ते थेट वास्तुशांतीला. पाहुण्यासारखा आत शिरलो आणि तिनं मला कुठं काय आहे ते दाखवलं. त्या घरातला सोफा हलवायची गोष्ट मी करत होतो.

तरी तिनं नाही म्हटलं नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "बघून या. पर मी बी येणार. तुमचा काय भरवसा न्हाई."

सांगलीत एक कारागीर जुने पियानो दुरुस्त करून विकतात, हे माझ्या बँडमधल्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं होतं. फोन केला, फौजी आहे म्हणून सांगितलं (आमच्याकडं हुद्दा कुठलाही असो, फौजीला मेजरच म्हणतात), तर पलीकडून दणदणीत आवाज आला. "मेजरसाब, फोनवर मी काही विकत नाही. या, बसा, वाजवा. मग बोलू."

कारखाना म्हणजे मार्केट यार्डाजवळचं हळदीचं जुनं गोडाऊन. भिंती कमरेपर्यंत पिवळ्या झालेल्या आणि हळदीचा वास अजून तसाच. कारागीर दांडगे, मेंदी लावलेली दाढी, आणि बोलणं असं की समोरच्याला मधे शिरायला जागाच मिळू नये. त्यांच्या घराण्यात मिरजेला सतार आणि तंबोरे बनवायचं काम पिढ्यान् पिढ्या चाललेलं. ह्यांनी तरुणपणी मुंबईत एका पियानोवाल्याकडं नोकरी धरली आणि त्यातच मुरले. "तंबोरा बनवणारे मिरजेत गल्लोगल्ली भेटतील," ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "पण मेलेला पियानो उठवून बसवणारा ह्या भागात मी एकटा. हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात." बायकोनं माझ्याकडं बघितलं. लोक म्हणजे कोण, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तीन पियानो मांडलेले होते. एक पांढराशुभ्र रंगवलेला, चकाचक. दुसरा काळा, जरा दमलेला. आणि तिसरा भिंतीला लागून, तपकिरी लाकडाचा, समोर मेणबत्त्या लावायला पितळेचे दोन हात, खालची पेडलं नुकती घासलेली. माझी नजर त्याच्यावर गेली ती हलेना.

"तो पाचगणीच्या एका बंगल्यातला," कारागीर म्हणाले. "इंग्रजांच्या काळात बोटीनं आलेला. बंगला बंद पडला, आणि पुढं किती पावसाळे ह्यानं ओलीत काढले, कुणाला ठाऊक. माझ्याकडं आला तेव्हा आतल्या हातोड्यांची लोकर कसरीनं खाल्लेली, तारा गंजलेल्या, खाली उंदरांचं घरटं. भंगारवाला तोडून लाकूड विकणार होता. मी म्हटलं, हात लावशील तर बघ. वर्षाच्या वर काम केलं. मागची फळी चिरली होती, ती सांधली. तारा सगळ्या नव्या. पट्ट्या मात्र त्याच ठेवल्या, हस्तिदंती. पिवळ्या पडल्यात, पण वरून हात फिरवून बघा."

मी फिरवला. लोण्यासारख्या मऊ लागल्या.

"पण हा गेला," ते लगेच म्हणाले. "विट्याच्या एका शेठनी ठरवलाय. आज न्यायला येणारेत. तुम्ही ते दोन बघा."

माझं तोंड एवढंसं झालं असणार. पांढऱ्यावर बसलो. आवाज मोठा होता, पण पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा. काळ्याच्या खालच्या पट्ट्या चांगल्या होत्या, वरच्या दाबल्या की मागे उठायला उशीर करत. मी दोन्हीवर थोडं थोडं वाजवलं आणि उठलो.

कारागीर माझ्या हातांकडं बघत होते. त्यांचा आवाज जरा खाली आला. "कुठं शिकलात?"

"फौजेत. बँडमध्ये."

त्यांनी तपकिरी पियानोचं झाकण उघडलं आणि स्टूल पुढं ओढलं. "गेलाय तो गेलाय. पण माझं काम कुणा वाजवणाऱ्याच्या हातून अजून मीच ऐकलेलं नाही. बसा."

मी बसलो. मेसमध्ये जेवण उरकत आलं की मी एक संथ वॉल्ट्झ, नाचाची विलायती धून, वाजवायचो, तीच सुरू केली. पहिल्या दोन-चार सुरांतच कळलं की ह्या पियानोला जपून दाबायची गरज नाही, जोरही करायची गरज नाही. सूर तोंडातून शब्द यावा तसा येत होता. खालचे सूर खोल विहिरीसारखे, वरचे स्वच्छ. मी किती वेळ वाजवलं ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की मधेच डाव्या बाजूला हिरव्या बांगड्या दिसल्या. बायको दारातून पुढं आली होती. तिनं पियानोच्या कडेला तळवा टेकवला होता, गाभण म्हशीच्या पोटाला हात लावून आतली हालचाल बघतात तसा. मी थांबलो तरी तिनं हात काढला नाही.

मागून टाळ्या वाजल्या. दारात सफारीतला एक माणूस उभा होता. विट्याचे शेठ. दक्षिणेत कुठं तरी सोनं गाळायचं दुकान, आणि गावाकडं नवा बंगला. विट्याच्या बऱ्याच लोकांचं असंच आहे, पैसा बाहेर कमवायचा आणि घर मात्र गावात बांधायचं.

"हाच व्हय माझा?" शेठनी विचारलं.

"हाच," कारागीर म्हणाले.

"मी वाजवला तर असा वाजंल?"

"तुम्ही वाजवला तर मी बाहेर जाऊन बसेन."

शेठ मोकळेपणानं हसले. मी स्टुलावरून उठलो, आता निघावं म्हणून चपला शोधायला लागलो. तेवढ्यात बायकोचा आवाज आला.

"शेठ, तुमच्याकडं कोन वाजवतं हे?"

"कोन न्हाई ओ वहिनी. हॉल मोठा हाय, मोकळा दिसतोय. शोभंला म्हणून."

"मग शोभंला तो पांढरा घ्या की. किती चमकतोय बघा. तुमच्या फरशीला बी मॅच हुईल. ह्यो आमाला द्या."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. तिनं माझ्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. शेठ एकदा पांढऱ्याकडं बघत होते, एकदा तपकिरीकडं.

"वहिनी," शेठ शेवटी म्हणाले, "खरं सांगू का, मंडळी पांढराच म्हणत होती. हे मेनबत्तीचे हात बघून मीच ह्याच्यावर अडून बसलो. द्या ह्यांनाच. पर मेजर, एक अट हाय. वास्तुशांतीला माझ्या पांढऱ्यावर येऊन वाजवायचं."

"येतो," मी म्हणालो.

येताना एसटीत ती खिडकीशी बसली. इस्लामपूर मागे पडलं. मग एकदम म्हणाली, "इतकी वर्सं तुमी हे वाजवत हुतासा?"

"व्हय."

"आन् मला कवा सांगितलं न्हाई."

"सांगितलं की. बँडात हाय म्हणून."

"ते सांगणं न्हवं." ती पुन्हा बाहेर बघायला लागली. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती आणि तिनं मला वाजवताना कधी ऐकलं नव्हतं. मेसमध्ये आमच्या बायकांना यायची सोय नव्हती, आणि घरी कधी वाद्य नव्हतं. हे मला त्या बसमध्ये बसल्यावर प्रथम उमगलं. कराडच्या अलीकडं ती म्हणाली, "सोफा तुमच्या बहिनीला दिऊन टाकू. तिला लय आवडतोय."

ठरल्या दिवशी टेंपो हायवेवरून आत वळला तेव्हा ऊसतोडीचे दिवस ऐन भरात होते. टेंपोत गोधड्यांत गुंडाळलेला पियानो, आणि ड्रायव्हरशेजारी स्वतः कारागीर. पारापाशी आल्यावर टेंपो थांबला. पुढची गल्ली अरुंद आणि चढाची, घरापर्यंत उचलून न्यायचा होता. वजन तर चार माणसांना दाद न देणारं.

मी पारावर बसलेल्यांना हाक मारायच्या आतच सगळी माणसं उठली. सगळे माजी सैनिक. कुणी तोफखान्यातला, कुणी रणगाड्यावरचा, कुणी सिग्नलचा. त्यांच्या मागोमाग तालमीतली पोरं. मी कासरे आणि वासे आधीच आणून ठेवले होते. जखमी माणसाला चढावरून कसं न्यायचं ते अंगवळणी पडलेलं होतं, तसंच लावून दिलं. उंच माणसं मागं, बुटकी पुढं, पावलं एकत्र.

"उचल!" मी परेडचा आवाज काढला आणि पियानो वर आला.

तेवढ्यात गावातले हलगीवाले आजोबा गळ्यात हलगी अडकवत पुढं आले. "आरं मेजर, येवढं मोठं वाद्य गावात याया लागलंय आन् असं मुक्यानं?" त्यांनी काडी टाकली आणि हलगी कडाडली. मग काय विचारता! गल्लीतली दारं उघडली. बाया ओट्यावर आल्या. एकीनं तर गोधडीवरच हळदीकुंकू वाहिलं. कारागीर शेजारून चालत ओरडत होते, "आडवा करू नका, आडवा करू नका!" आणि त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, कारण हलगीच्या तालावर पावलं आपोआप नीट पडत होती.

मिरवणूक दारात आली आणि थांबली. पियानो दारातून जाईना.

मी मोजमाप घेतलं होतं. पण दारातून आत गेल्यावर लगेच भिंत होती आणि तिथं वळवायला जागा नव्हती. उभा करून बघितला, तिरका करून बघितला. कारागिरांनी पुढचं झाकण आणि मेणबत्तीचे हात काढले. तरीही नाही. माणसं घामाघूम झाली. शेवटी अंगणात पियानो टेकवला. कुणी म्हणालं, गोठ्यात ठेवू तोवर. कुणी म्हणालं, परत पाठवा.

बायको ओट्यावर उभी राहून सगळं बघत होती. ती आत गेली आणि फोन कानाला लावूनच बाहेर आली. "मिस्त्री, हाय तसं या. हातोडा, छिन्नी घिऊन या."

मिस्त्री आला. तिनं हॉलच्या खिडकीवर हात ठेवला. "ही खिडकी काढा. खालची भित बी काढा, पार जोत्यापतूर."

मिस्त्री चाचरला. हे घर त्यानंच बांधलं होतं. "वहिनी, ही भित तुमी दोनदा पाडून घेतली हुती माझ्याकडनं, ओळंब्यात न्हाई म्हणून. आठवतंय न्हवं?"

"आठवतंय. आता तिसऱ्यांदा पाडा."

"अगं, राहू दे," मी म्हणालो. "काहीतरी दुसरं करू."

"तुमी गप बसा," ती म्हणाली. "भिती काय, पुन्ना बांधता येत्यात."

पहिला घाव पडला तेव्हा मला बघवलं नाही, पण ती हलली नाही. गज निघाले, चौकट निघाली, विटा खाली आल्या. धुरळा बसला तेव्हा हॉल अंगणाकडं उघडा पडला होता. माणसांनी पुन्हा कासरे धरले, हलगीवाल्या आजोबांनी पुन्हा काडी उचलली, आणि पियानो सरळ, डौलात, सोफ्याच्या रिकाम्या जागी जाऊन बसला. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. तालमीतल्या पोरांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो मी हाणून पाडला.

कारागिरांनी दुपारभर आत डोकं घालून सूर लावले. "प्रवासात जरा हलतात," ते म्हणाले. "लाकूड तुमच्या हवेत रुळलं की महिन्याभरानं पुन्हा येईन." उन्हं कलायला लागली तेव्हा त्यांनी हात पुसले आणि अंगणात जमलेल्या गावाकडं वळून जाहीर केलं, "मंडळी, हा मी मढ्यातून उठवलाय. आता मेजर बोलता करतील."

भिंत नसल्यानं अंगण आणि हॉल एकच झालं होतं. लोक विटांच्या ढिगावर, ओट्यावर, ट्रॅक्टरवर बसले होते. मी पियानो असा लावून घेतला होता की वाजवताना माझं तोंड माणसांकडं राहावं. मी तीच संथ वॉल्ट्झ वाजवली. ती संपली. मग पारावरचा तो नेहमी चेष्टा करणारा गडी, रणगाड्यावरचा, हळू आवाजात म्हणाला, "आयला. हे वाजवत हुतास व्हय तू!"

मग फर्माइशी सुरू झाल्या. एका म्हाताऱ्या सुभेदारांनी आमच्या रेजिमेंटची संचलनाची धून मागितली. ती मी बँडबरोबर हजारदा वाजवली असेल, पण एकट्यानं पियानोवर कधीच नाही. डाव्या हातानं ढोलाचा ठोका धरला आणि उजव्यानं धून घेतली. दुसऱ्या ओळीला सुभेदार काठी टेकत उठले. त्यांच्यामागोमाग सगळे माजी सैनिक उठले, पाठी ताठ, हात बाजूला. कुणी सांगितलं नव्हतं. धून संपल्यावर सुभेदारांनी कडक सॅल्यूट ठोकला. मीही स्टूल मागे सारून उभा राहिलो आणि परत केला. आनंद असा मावत नव्हता की मोठ्यानं ओरडावं वाटत होतं.

मी पुन्हा बसलो, तर बायको पियानोच्या शेजारी येऊन उभी. पदर खोचलेला, केसांत विटांची धूळ.

"आमच्या गौरीच्या फेराचं वाजवता यील का ह्याच्यावर?"

"म्हण तू. मी बघतो."

ती गायला लागली. मी तिचा सूर चाचपत गेलो, एक पट्टी, मग दुसरी, आणि काळ्या पट्टीवर तिचा सूर सापडला. तो धरल्याबरोबर तिचा आवाज मोकळा झाला. ओट्यावरच्या बाया तिच्या मागं म्हणायला लागल्या, आणि बघता बघता त्यांनी हातात हात घालून अंगणात फेर धरला. सण नव्हता, गौरी नव्हत्या, तरी विटांच्या ढिगाला वळसा घालून फेर फिरत होता. आजोबांची हलगी त्यात मिसळली. कारागीर माझ्या कानाशी येऊन ओरडले, "मेजरसाब, जोरात! ह्याला सोसतं!"

मी जोर वाढवला. एक गाणं संपलं की बायको दुसरं धरायची, आणि मी तिच्या मागं मागं जायचो.